एकाच ‘पित्ता’चे तीन अर्थ: पित्तरसाची पार्श्वभूमी

सोलापुरात शेंगाचटणी-भाकरी जरा जास्त झाली आणि घशाशी आंबट आलं, की ‘पित्त झालं’. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच; मग आमसुलाचं पाणी चोळायचं. आणि सोनोग्राफीत खडे दिसतात तेही यकृताखालच्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात. या एका शब्दापायी खड्यांचं दुखणं वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढलं जातं.

शब्दाचं मूळ आयुर्वेदात आहे. तिथे पित्त हा वात-कफांसोबतचा दोष; त्यातलं पाचक पित्त आमाशय-पक्वाशयाच्या (जठर आणि आतड्याच्या) मध्ये, रंजक यकृत-प्लीहेत, भ्राजक त्वचेत. म्हणजे पोटातली आग आणि कातडीवरच्या गांधी एका नावाखाली येणं त्या शास्त्राला धरूनच होतं. पुढे यकृतातल्या हिरवट-पिवळ्या रसालाही मराठीत तेच नाव मिळालं आणि घोळ झाला. जठरातलं आम्ल तर निराळंच. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं इंग्रज वैद्य विल्यम प्राउटने 1824 साली मांडलं. ढोबळ खूण अशी: उलटीत आंबट येतं ते आम्ल, कडूजहर हिरवट-पिवळं येतं तो पित्तरस. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर मात्र क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

पित्तरस पित्ताशयात बनतो, ही समजूत इटालियन शरीररचनातज्ज्ञ मार्चेल्लो माल्पिघीने 1666 मध्ये खोडली. त्याने पित्ताशयाची वाट बांधून टाकली, तरी यकृताकडून रस येतच राहिला.

हा पित्तरस करतो काय, हे कळायला आणखी दोनशे वर्षं लागली. सशात पित्तनलिका आतड्याला वरच्या बाजूला मिळते, स्वादुपिंडाची नलिका बरीच खाली. फ्रेंच शरीरक्रियातज्ज्ञ क्लोद बेर्नारने पाहिलं की स्निग्ध खाऊ घातल्यावर आतड्याच्या रसवाहिन्या (शोषलेल्या तेलाने) दुधाळ होतात त्या खालच्या नलिकेपुढेच. अल्बेर दास्त्र या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुत्र्यात उलटं केलं: पित्ताशय खालच्या आतड्याला जोडलं. तिथेही दुधाळपणा त्या जोडापुढेच दिसला. म्हणजे तेल पचवायला पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस दोन्ही लागतात; एकट्याने कोणाचंच भागत नाही.

शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. 20 ग्रॅम चटणीतून साधारण 9-10 ग्रॅम पोटात जातं. चटणीची वाटी नुसत्या पाण्याने विसळली तर तवंग तसाच राहतो, साबण लागला की फुटतो. पित्तरसातले क्षार, म्हणजे पित्तक्षार, हेच करतात: तेलाचे बारीक थेंब करतात. थेंबातल्या तेलाचं विघटन करतं ते स्वादुपिंडाचं लायपेज हे विकर (एन्झाइम). पित्तरस पोचलाच नाही तर शौच फिकट, तेलकट होतं आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वं वाया जातात. ‘के’ कमी पडलं की रक्त लवकर गोठत नाही.

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर रस बनवतं. पित्ताशयात मावतो 30-50 मिलि, पण पाणी शोषून दाट केलेला. आतड्यात स्निग्ध उतरलं की पित्ताशय आवळतं; ते घडवणारं कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक (हार्मोन) आयव्ही आणि ओल्डबर्ग या संशोधकांनी 1928 मध्ये ओळखलं. सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावतात ते यासाठीच. आकसलेल्या पिशवीत खडा नीट दिसत नाही.

रसात कोलेस्टेरॉल जास्त आणि पित्तक्षार कमी पडले की खडे धरतात. पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकला, तर तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत, खांद्याकडे जाते. मुख्य पित्तनलिकेत अडकला तर कावीळ, गडद लघवी, पांढरट शौच.

जर्मन शल्यविशारद कार्ल लांगेनबुखने 1882 साली बर्लिनमध्ये पित्ताशय पहिल्यांदा काढलं. ‘पिशवी काढल्यावर पचन कसं होणार?’ असं शस्त्रक्रियेआधी घरचे हमखास विचारतात. त्याचं उत्तर माल्पिघीच्या प्रयोगातच आहे: रस यकृत बनवतं, तो थेट आतड्यात उतरत राहतो. काहींना सुरुवातीला तेलकटाने पातळ शौच होते, एवढंच.