लीकेज करंट: ८० व्होल्टपासून ८० टक्क्यांपर्यंत

गोव्यातल्या वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात चवथीच्या सुट्टीत एखादा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा पॅनेल, स्टँडबायवर राहिला, की त्याच्या डीसी बसवर (आतल्या डीसी वीजवाहक पट्टीवर) ५६० ते ५९० व्होल्ट तसेच उभे असतात. आतल्या आयजीबीटीची, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या अर्धवाहक स्विचची, चिप मात्र थंडच असते. पावसाळी हवेतलं बाष्प हळूहळू मॉड्यूलमध्ये, म्हणजे चिप बसवलेल्या डबीत, उतरतं, कारण आतली सिलिकोन जेल धूळ अडवते, बाष्प नाही. बंद आयजीबीटीतून गळणारा करंट, म्हणजेच लीकेज, कायमचा वाढायला याहून वाईट परिस्थिती नाही. तरी नेमकी हीच परिस्थिती तपासणारी चाचणी रूढ व्हायला पन्नासहून अधिक वर्षं गेली.

जनरल इलेक्ट्रिकचा थायरिस्टर, आयजीबीटीच्या आधीचा अर्धवाहक स्विच, आला १९५७ मध्ये. लीकेजचे दोन भाग असतात. सिलिकॉनच्या गाभ्यातला भाग उष्णतेचा: साधारण दर १० अंशांना दुप्पट, पण वयाबरोबर फारसा बदलत नाही. दुसरा भाग कडेचा, जिथे जंक्शन (व्होल्टेज अडवणारी, चिपमधल्या दोन थरांची सीमा) पृष्ठभागावर येतं आणि विद्युतक्षेत्र एकवटतं. ते पसरवायला १९६४ मध्ये डेव्हिस आणि जेंट्री यांनी तिरकस घासलेल्या कडेचा मार्ग दाखवला, तर १९६७ मध्ये काओ आणि वूली यांनी जंक्शनभोवतीच्या रिंगांचा. व्होल्टेज वाढलं, स्थैर्य मात्र वरच्या थरावर अवलंबून राहिलं.

हा थर म्हणजे सिलिकॉनचा ऑक्साइड. फेअरचाइल्डच्या होर्नी यांनी १९५९ मध्ये जंक्शनची कड त्याखाली झाकली, आणि १९६५ मध्ये त्याच कंपनीतल्या स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह यांनी दाखवलं की ऑक्साइडमध्ये सोडियमचे आयन चालतात. भट्टी, रसायनं, हाताचा घाम, कुठूनही ते येतात. उष्णता आणि व्होल्टेज मिळालं की सरकतात, रिंगांवरचं क्षेत्र बिघडवतात आणि लीकेज चढतं. व्होल्टेज काढून नुसतं भाजलं तर आयन पुन्हा विखुरतात आणि करंट उतरतो. ही उतरण म्हणजे सोडियमची ठळक खूण.

एचटीआरबी (हाय टेंपरेचर रिव्हर्स बायस, म्हणजे गरम चिपवर उलटं व्होल्टेज) चाचणी याच दोषाच्या मागे आहे: कमाल जंक्शन तापमान, मानांकनाच्या ८० टक्के व्होल्टेज (१२०० व्होल्टच्या स्विचला ९६०), १००० तास. शेवटी तापमान ५५ अंशांखाली येईपर्यंत व्होल्टेज काढायचं नाही, नाहीतर गरमपणातच आयन विखुरतात आणि दोष लपतो. मोजताना गेट (स्विच चालू करणारं टोक) एमिटरला (करंट बाहेर पडणाऱ्या टोकाला) शॉर्ट करायचं आणि तापमान टिपायचं. २५ आणि ३५ अंशांवरचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही. आमच्या मते आकड्याहून आलेखाचा उतार महत्त्वाचा. डेटाशीटच्या मर्यादेत असूनही सतत चढणारा स्विच नापासच धरावा. ९६० व्होल्टला १० मिलिअँपिअर म्हणजे ९.६ वॉट: त्या उष्णतेने लीकेज आणखी वाढतं आणि शेवटी चिप जळते.

दमटपणाची चाचणी वेगळी: ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता. तिथे व्होल्टेज बराच काळ ८० व्होल्टवरच रोखलेलं होतं, लीकेजच्या उष्णतेने चिप स्वतःच वाळू नये म्हणून. पण १७०० व्होल्टच्या स्विचच्या रिंगांना ८० व्होल्ट जाणवतसुद्धा नाहीत. रेल्वे आणि पवनचक्क्यांत बिघाड दिसू लागले, तेव्हा उत्पादक इथेही ८० टक्क्यांकडे, म्हणजे १३६० व्होल्टकडे वळले. मग खरे दोष उघडे पडले: रिंगांवरच्या अ‍ॅल्युमिनियमचं क्षरण, नायट्राइडचा संरक्षक थर खाल्ला जाणं, धातूच्या फांद्या फुटणं.

गोव्यात हे दूरचं नाही. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, आणि थ्री-फेज इंजिनांतले आयजीबीटी ह्याच किनाऱ्यावरून धावतात. पॅनेलचा हीटर पावसाळ्यात चालू ठेवावा. बंद राहिलेला ड्राइव्ह आधी कोमट होऊ द्यावा, मगच बस चार्ज करावी. लीकेज जास्त दिसलं तर टर्मिनलांमधला खारा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून पुन्हा मोजावं. आकडा पडला तर गळती बाहेरची होती. नाही पडला, तर मॉड्यूल साठवण-तापमानाच्या मर्यादेत राहून वाळवावं: नुसतं बाष्प असेल तर करंट उतरतो, क्षरण झालं असेल तर तो पूर्वपदावर येत नाही आणि मॉड्यूल बदलावंच लागतं.