केक सजावटीचं सामान ऑनलाइन विकायचंय? पाकीट फोडण्याआधी नोंदणीचं बघा

डिसेंबर जवळ आला की नागपुरात केकच्या क्लासना ऊत येतो. क्लास संपता संपता पाच-सहा जणींपैकी एकीच्या डोक्यात हमखास येतं, की केक करत बसण्यापेक्षा केकचं सामानच विकलं तर? कल्पना वाईट नाही. रात्री दोनला उठून क्रीम फेटायला नको, की तीन मजले जपून उतरवलेला केक स्कूटीवर फिस्कटायला नको. इतवारीच्या बाजारातून किलोच्या भावात स्प्रिंकल्स आणायचे, ५०-५० ग्रॅमच्या पुड्या करायच्या, फोटो टाकायचे आणि उमरेड-काटोलपासून यवतमाळपर्यंत कुरिअर करायचं.

यातलं 'पुड्या करायच्या' एवढंच नीट लक्षात ठेवा. कायद्याची सगळी भानगड तिथेच आहे.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६च्या कलम ३१ प्रमाणे अन्नाचा कोणताही व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि अगदी लहान व्यवसायाला परवान्याऐवजी नोंदणी पुरते. आता अन्न म्हणजे काय? नोझल, टर्नटेबल, स्पॅच्युला, सिलिकॉनचे साचे, केकचे डबे हे अन्न नाही. नुसतं एवढंच विकणार असाल तर ही नोंदणी लागत नाही. फॉन्डंट (केकवर पसरायचा साखरेचा गोळा), जेल कलर, स्प्रिंकल्स, चॉकलेट कंपाउंड, व्हिपिंग क्रीम, वेफर शीट, फॉन्डंट घट्ट करणारी टायलोज पावडर, चांदीच्या गोळ्या हे सगळं पोटात जाणार, म्हणजे अन्न. शंभर वस्तूंच्या यादीत अशी एक जरी असली तरी नोंदणी हवी. 'मी दुकान कुठे टाकलंय, मी तर व्हॉट्सॲपवर विकते' हे उत्तर चालत नाही. दुकानाला शटर असावं अशी अट कायद्यात नाही.

तुम्ही विक्रेत्या की पॅकर?

अर्जात पहिला महत्त्वाचा प्रश्न येतो तो व्यवसायाच्या प्रकाराचा, आणि बहुतेक जणी तिथेच चुकतात. कंपनीचं सीलबंद पाकीट जसंच्या तसं पुढे विकत असाल तर तुम्ही किरकोळ विक्रेत्या. मोठं पाकीट फोडून लहान पुड्या केल्या की तुम्ही रिपॅकर, आणि फॉसकॉस या अन्न नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर रिपॅकर हा उत्पादनाच्या गटात मोडतो, व्यापाराच्या नाही. घरी फॉन्डंट मळून विकत असाल तर सरळ उत्पादक. तिन्ही करत असाल तर तिन्ही प्रकार टाका. विक्रेती म्हणून नोंदणी घ्यायची आणि स्वयंपाकघरात पुड्या भरायच्या, यात तो नोंदणी क्रमांक तुमच्या कामाचा राहत नाही.

थेट परदेशातून माल मागवणार असाल तर उलाढाल कितीही लहान असो, आयातदार म्हणून केंद्रीय परवाना लागतो आणि त्यासाठी आयात-निर्यात कोडही. त्यापेक्षा भारतातल्या परवानाधारक आयातदाराकडून पक्क्या बिलावर माल घेणं सोपं. एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारावर दुकान उघडणार असाल तर तिथे खातं काढतानाच तुमचा नोंदणी क्रमांक मागतात. स्वतःची वेबसाइट काढून तिथे इतरांचाही माल विकायचा विचार असेल तर ते प्रकरण केंद्रीय परवान्याकडे जातं, तेव्हा अर्जाआधी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याशी बोलून घ्या.

नोंदणी की परवाना हे वर्षाच्या उलाढालीवर ठरतं. याच कायद्याखालच्या २०११च्या विनियमांनी नोंदणीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलं होतं. असे टप्पे आणि शुल्क सरकार मधून मधून बदलतं, म्हणून मैत्रिणीच्या जुन्या माहितीवर न जाता अर्जाच्या दिवशी पोर्टल जो टप्पा दाखवेल तोच धरा.

कागदपत्रं आणि अर्ज

नोंदणीसाठी फार काही लागत नाही. पासपोर्ट आकाराचा फोटो, आधारसारखं फोटो असलेलं ओळखपत्र, आणि जिथे माल ठेवणार-भरणार त्या जागेचा पुरावा. तिसऱ्या कागदावर घोडं अडतं. माझंही अडलं होतं. लाइटचं बिल सासऱ्यांच्या नावावर, अर्ज माझ्या, आणि आधारवर पत्ता माहेरचा, नागपुरातल्याच महाल भागातला. अर्ज शंका काढून परत आला. मग सासऱ्यांचं साध्या कागदावरचं संमतिपत्र त्यांच्या सहीनिशी जोडलं आणि काम झालं. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि घरमालकाची संमती आधीच घेऊन ठेवा. फ्लॅट असेल तर सोसायटीलाही कानावर घाला. शेजारच्या काकूंनी तक्रार केल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं.

परवान्याच्या टप्प्यात गेलात तर मात्र यादी लांबते: जागेचा नकाशा, यंत्रसामग्रीची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल, अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा वगैरे.

अर्ज ऑनलाइनच भरायचा. पत्ता फॉसकॉस डॉट एफएसएसएआय डॉट जीओव्ही डॉट इन. तो स्वतः टाइप करा. गुगलवर शोधलंत तर वर वर येणाऱ्या बऱ्याच साइट खासगी एजंटांच्या असतात, सरकारी वाटाव्यात अशा सजवलेल्या, आणि सरकारी शुल्काच्या कितीतरी पट पैसे घेतात. ज्यांना फॉर्म भरायचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल द्यावेत, पण आपण कुणाला देतोय हे माहीत असावं. राज्य महाराष्ट्र निवडा, व्यवसायाचा प्रकार आणि उलाढाल निवडा, खातं उघडा, फॉर्म 'ए' भरा, कागद चढवा, शुल्क भरा. अर्ज क्रमांक जपून ठेवा आणि दर दोन दिवसांनी पोर्टलवर डोकावत जा. शंका निघाली आणि मुदतीत उत्तर दिलं नाही तर अर्ज बाद होतो, भरलेले पैसेही जातात.

अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयातल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे जातो. विनियमांप्रमाणे त्यांनी ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची. तपासणी लागली तर ३० दिवसांत निकाल. प्रमाणपत्रावर १४ आकडी क्रमांक येतो. नोंदणीचा २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने, आणि पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावरचा क्रमांक बघूनही तो किती पाण्यात आहे याचा अंदाज येतो. खात्री करायची तर तो क्रमांक फॉसकॉसवर टाकून पाहता येतो, आणि पहिल्या खरेदीआधी पाहाच. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणं बंधनकारक आहे, तुमच्याही.

चमकणारं सगळं खाण्याचं नसतं

इथे थोडं थांबते, कारण या धंद्यातला खरा धोका फॉर्ममध्ये नाही, चमकीत आहे. लस्टर डस्ट (चकाकीची भुकटी) आणि ग्लिटरच्या डब्यांवर 'नॉन-टॉक्सिक' असं लिहिलेलं असतं आणि आपण समजतो खायला चालेल. नाही चालत. त्याचा अर्थ फार तर हात लागला तर विष नाही एवढाच. खाण्याच्या मालावर घटकांची यादी असते आणि १४ आकडी क्रमांक असतो. अमेरिकेत २०१८ साली ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन मुलं आजारी पडली. केकवरच्या रोझ गोल्ड भुकटीत तांबं निघालं. पुढच्या वर्षी मिसुरीत एका वर्षाच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकवरच्या पिवळ्या भुकटीत शिसं सापडलं. दोन्ही भुकट्या खाण्यासाठी नव्हत्याच, पण केकवर गेल्या.

रंगांचंही तसंच. भारतात अन्नात चालणारे कृत्रिम रंग मोजके ८ आहेत: टारट्राझिन, सनसेट येलो, कार्मोइसिन, पोन्सो ४ आर, एरिथ्रोसिन, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कारमाइन आणि फास्ट ग्रीन. रोडामाइन बी हा कापड रंगवायचा गुलाबी रंग यात नाही. तो बुढ्ढी के बालमध्ये सापडला म्हणून तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मिठाईवर बंदी घातली. झळझळीत गुलाबी, स्वस्त आणि सुट्या पुडीतला रंग कुणी देत असेल तर तो तिथेच ठेवा. चांदीचा वर्ख विकत असाल तर त्यालाही मानक आहे: चांदी ९९९ शुद्धतेची, आणि वर्ख कुटताना कोणत्याही टप्प्यावर प्राण्यांपासूनचं काही वापरलेलं नको.

खाण्याचा आणि नुसत्या सजावटीचा माल वेगळ्या कपाटात ठेवा आणि वेबसाइटवरही वेगळ्या पानावर. टॉपर, फुलं, प्लास्टिकचे मोती यांच्या वर्णनात 'खाण्यासाठी नाही' हे मराठीत लिहा.

पुडी भरण्याची जागा आणि लेबल

लहान व्यवसायासाठी स्वच्छतेच्या अटी विनियमांच्या अनुसूची ४ मध्ये आहेत आणि त्यात घरातल्या कुठल्याही गृहिणीला नवं वाटावं असं काही नाही: उजेड-हवा असलेली स्वच्छ जागा, पिण्यायोग्य पाणी, कापलेली नखं, धुतलेले हात, आजारी माणसाने मालाला हात न लावणं, कीटकांचा बंदोबस्त. स्वयंपाक चालू असताना त्याच ओट्यावर पुड्या भरू नका, साखरेला हळदीचा आणि फोडणीचा वास लगेच लागतो. बदामाचे काप ज्या चमच्याने भरले तोच स्प्रिंकल्समध्ये घालू नका.

नागपूरचा मे महिना वेगळाच. पारा ४५च्या पुढे जातो आणि कुरिअरच्या गाडीत चॉकलेट कंपाउंडचं सार होतं. मी एप्रिल-मे-जूनमध्ये कंपाउंड आणि क्रीम शहराबाहेर पाठवतच नाही. पावसाळ्यात उलटं, ओल शोषून शुगर बॉलचा गोळा होतो, तेव्हा सिलिकाची पुडी घातलेले हवाबंद डबे हवेत.

लेबल २०२०च्या लेबलिंग विनियमांप्रमाणे: नाव, घटक, पोषण माहिती, ॲलर्जीकारक घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तारखा, मूळ उत्पादक आणि तुमचा पत्ता, तुमचा क्रमांक. पाकीट फोडलं म्हणून एक्स्पायरी नव्याने मोजता येत नाही, मूळ पाकिटाचीच तारीख लागते. हिरवी-तपकिरी खूण टाकताना जपून. मेरिंग पावडरमध्ये अंड्याचा पांढरा असतो, मार्शमेलोत सहसा जिलेटिन, काही लाल रंगांत किड्यांपासून काढलेला कार्माइन. या तिन्हींना तपकिरी त्रिकोणाची मांसाहारी खूण लागते. एकादशीला साबुदाणा खाणाऱ्या गिऱ्हाइकाला हिरव्या खुणेखाली अंडं दिलंत तर ती परत येत नाही. ऑनलाइन विकताना हीच माहिती, बॅच आणि तारखा सोडून, खरेदीआधी गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. आणि मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकत असाल तर माल हाती पडताना ३० टक्के किंवा ४५ दिवस आयुष्य शिल्लक असावं, असा दंडक आहे.

पुड्या भरणाऱ्यांना आणखी एक नोंदणी लागते, ती बहुतेकींना ठाऊकच नसते: वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाकडची पॅकर नोंदणी. काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत अर्ज, शुल्क ५०० रुपये. वजनकाटाही त्यांच्या शिक्क्याचा हवा. घरचा स्वयंपाकघरातला काटा विक्रीसाठी चालत नाही.

जीएसटीचं थोडक्यात: स्वतः थेट आणि महाराष्ट्रातच माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. छिंदवाड्याला किंवा रायपूरला एक पार्सल पाठवलंत की ते आंतरराज्य झालं आणि नोंदणी आली. सीमा आपल्याला इतकी जवळ आहे की हे चुकून होतं.

शेवटचं, प्रमाणपत्र जागेचं असतं, माणसाचं नाही. मनीषनगरच्या फ्लॅटमधून सामान बहिणीच्या प्रतापनगरच्या रिकाम्या खोलीत हलवलं तर तिथे पहिली पुडी भरायच्या आत त्या पत्त्याची नोंदणी हवी.