बुऱ्हाणपूरचा शहरपन्हा

बुऱ्हाणपूरचा शहरपन्हा म्हणजे तापीच्या उत्तर काठावरच्या जुन्या शहराला घातलेला विटांचा तट, त्यातले बुरूज आणि नऊ दरवाजे. शहर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांपासून पुढे कितीतरी काळ खान्देशचं राजकारण, व्यापार आणि लष्कर इथूनच हलायचं, त्यामुळे नकाशा काहीही म्हणो, खान्देशच्या इतिहासातून हे गाव काढता येत नाही. रावेर-भुसावळकडच्या लोकांच्या सोयरिकी अजूनही तिकडे होतातच.

एक गोष्ट आधीच क्लिअर केलेली बरी. हा तट फारुकींचा नाही, अकबराचा नाही आणि शाहजहानचा तर अजिबात नाही (बुऱ्हाणपुरात काहीही जुनं दिसलं की ते मुमताजच्या खात्यावर टाकायची पद्धत आहे, ती सोडा). तो 1731 साली हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक निजामुल्मुल्क आसफजाह याने बांधला, म्हणजे शहराचे भरभराटीचे दिवस मागे पडल्यावर. तटाच्या आतली जागा साधारण सव्वा चौरस मैल भरते. मोगलांच्या वेळचं बुऱ्हाणपूर त्याच्या पुऱ्यांसकट, म्हणजे बाहेरच्या वस्त्यांसकट, कितीतरी मोठं पसरलेलं होतं, म्हणजे तट बांधला तेव्हा शहर आक्रसून आत आलेलं होतं.

सुरुवात फारुकींची. मलिक राजा थाळनेरला बसून राज्य करायचा, 1399 मध्ये तो वारला आणि त्याच्या मुलाने, नासिरखानाने, 1400 च्या आसपास तापीकाठी हे शहर वसवलं, खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांचं नाव त्याला दिलं. समोरच्या काठावरचं झैनाबाद हेही त्याच परंपरेतल्या झैनुद्दीन शिराझींच्या नावाचं. दुसरा आदिलखान (1457 ते 1501) याच्या काळात नदीकाठी बादशाही किल्ला उभा राहिला. त्याच्या भिंती सरळ तापीच्या पात्रावर उभ्या आहेत, नदीतून वर बघितलं की मान दुखते.

पण फारुकींचा खरा भरवसा शहराच्या भिंतीवर कधी नव्हताच. तो होता उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सातपुड्यात असलेल्या असीरगडावर. शत्रू आला की खजिना, कुटुंबकबिला आणि फौज घेऊन गडावर जायचं, शहराचं काय व्हायचं ते होवो. 1600 मध्ये अकबर चालून आला तेव्हा बहादूरखान फारुकीने नेमकं हेच केलं, बुऱ्हाणपूर मोगलांना लढाई न करताच मिळालं आणि गड घ्यायला मात्र जानेवारी 1601 उजाडावं लागलं. अकबर स्वतः तळ देऊन होता तरीही! यावरून त्या काळी शहर राखण्याबद्दल काय विचार होता ते कळतं.

मोगलांनी बुऱ्हाणपूर दख्खनच्या मोहिमांचं मुख्य ठाणं केलं आणि मग हे चालेना, कारण आता सुभेदार, शाहजादे, तोफखाना, सावकार सगळे शहरातच राहायला लागले होते. 1615 मध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो इथे जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेज याला भेटला, त्याला बडे लोक सोडले तर बाकीच्यांची घरं मातीचीच दिसली. 1620 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्या फौजांनी शहर कोंडलं, आत मोगलांचा सरदार खानखानान अब्दुर्रहीम अडकलेला, शेवटी शाहजहानला पाठवून सोडवणूक करावी लागली. गंमत अशी की चारच वर्षांनी तोच शाहजहान बापाविरुद्ध बंड करून आणि त्याच मलिक अंबरशी हातमिळवणी करून बुऱ्हाणपूरला वेढा घालून बसला. बुंदीच्या राव रतन हाडाने शहर लढवलं आणि शाहजहानला हात हलवत परत जावं लागलं. म्हणजे शहराला तेव्हाही भिंती होत्या आणि त्या लढवण्याइतक्या धड होत्या, फक्त त्या आजच्या नव्हेत.

वेढ्यात भिंतीइतकंच पाणी महत्त्वाचं. खानखानानच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी भुयारातून शहरापर्यंत आणायची योजना झाली, तोच कुंडी भंडारा. जमिनीवर दिसतात त्या फक्त ओळीने कुंड्या, पाणी खालून वाहतं. नदीत कोणी विष कालवलं तर काय, या भीतीपोटी हे केलं असं सांगतात.

आता 1681. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन दोनच आठवडे झाले असतील आणि जानेवारीच्या अखेरीस मराठे बुऱ्हाणपूरवर येऊन धडकले. त्यांनी तटाशी डोकं आपटलंच नाही. शहराबाहेर बहादूरपुरा नावाची श्रीमंत पेठ होती, जवाहिरे, सराफ, व्यापारी सगळा पैसा तिथे, आणि आजूबाजूला असे अजून सतरा पुरे. सुभेदार खानजहानचा नायब काकरखान याच्याकडे माणसं कमी, त्याने दरवाजे लावून घेतले आणि तट सांभाळत बसला, बाहेर तीन दिवस लूट चालू. मराठे लूट घेऊन चोपड्यावरून साल्हेरला निघून गेले, औरंगाबादहून निघालेल्या खानजहानला ते सापडलेच नाहीत. शहरातल्या मौलवींनी औरंगजेबाला लिहून कळवलं की आमच्या जीवाची आणि मालाची हीच अवस्था राहणार असेल तर शुक्रवारची नमाज बंद करू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला, अर्थात एवढ्या एकाच कारणासाठी नाही, अकबर नावाचा बंडखोर मुलगा संभाजी महाराजांकडे गेलेला होता.

माझ्या मते बुऱ्हाणपूरच्या तटाचा इतिहास समजून घ्यायचा तर ही लूट सगळ्यात महत्त्वाची. तट शाबूत, दरवाजे बंद, आणि तरी शहर बुडालं, कारण जे राखायचं तेच बाहेर होतं.

पुढे 1720 मध्ये निजामाने असीरगड आणि बुऱ्हाणपूर घेतलं आणि दख्खनमध्ये जम बसवला. 1727 मध्ये, पालखेडच्या मोहिमेत, पहिल्या बाजीरावाने बुऱ्हाणपूर जाळणार अशी हूल उठवली, निजाम शहर वाचवायला धावत सुटला आणि बाजीराव तोवर गुजरातकडे निघून गेला. या शहराची निजामाला किती धास्ती होती ते बाजीरावाला बरोब्बर माहीत होतं. 1728 मध्ये पालखेडला निजाम कोंडला गेला आणि त्यानंतर तीन वर्षांत शहरपन्हा झाला. हे एकातून एक झालं असं कुणी लिहून ठेवलेलं नसेल, पण योगायोग म्हणून सोडून देणंही अवघड आहे.

बांधकामात मुख्य भर विटेवर. बुरूज तटाच्या रेषेतून पुढे आलेले असतात ते शोभेसाठी नाही, सरळ भिंतीच्या पायथ्याशी चिकटलेला माणूस वरून दिसत नाही, शेजारच्या बुरुजावरून मात्र त्याच्यावर बाजूने मारा करता येतो. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, राजपुरा, सिंधीपुरा, लोहारमंडी, नागझिरी ही दरवाजांची नावं आता मोहल्ल्यांची आणि रिक्षा-स्टॉपचीही झालीत. नदीच्या अंगाला किल्ला आणि तापीचा उंच काठ असल्यामुळे तिथली बाजू तशीच भक्कम, धोका होता तो उरलेल्या सपाट बाजूंनी.

खान्देशात याच्याशी ताडून बघायचं तर पारोळ्याचा भुईकोट आहे, भर गावात, खंदकासकट, तोही त्याच सुमाराचा. पण तिथे किल्ल्याला तट आहे, इथे आख्ख्या शहराला.

निजामुल्मुल्क 1748 मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला. नंतर तटाची खरी परीक्षा झालीच नाही म्हटलं तरी चालेल. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तहात असीरगडासह बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलं, 1778 मध्ये पेशव्यांनी ते शिंद्यांना दिलं, आणि ऑक्टोबर 1803 मध्ये इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन आला तेव्हा शहर लढाईशिवायच त्याच्या हातात पडलं, मागोमाग काही दिवसांत असीरगडही. वर्षअखेरीच्या तहात ते शिंद्यांना परत मिळालं आणि 1860 पासून कायमचं इंग्रजांकडे गेलं. इंग्रजांनी ते निमाड जिल्ह्यात घातलं, म्हणून आज जळगावऐवजी भोपाळकडे बघावं लागतं.

तट आता सलग उरलेला नाही. बऱ्याच ठिकाणी घरं त्याला टेकून बांधलीत, काही ठिकाणी तोच घराची मागची भिंत झालाय, विटाही गेल्यात. दरवाजे टिकले कारण रस्ते त्यांच्यातूनच जातात, आणि तोच त्यांचा त्रासही आहे, ट्रकच्या धडका, वायरींचे गुंते, वर फ्लेक्स. बघायचं असेल तर लालबागला स्टेशन आहे, तिथून रिक्षाने शनवाऱ्याला उतरायचं, इतवारा करून नदीकडे किल्ल्यापर्यंत चालत जायचं. बहादूरपुरा या रस्त्यात लागत नाही, तो अजूनही गावाबाहेरच आहे, वेगळी रिक्षा करावी लागते.