पैसे भरले म्हणजे बोलणं खाजगी राहतं?

‘फुकटात वापरलं तर आपलं बोलणं मॉडेल शिकवायला जातं, पैसे भरले की जात नाही.’ एआय सहायकांबद्दल हे बरीच मंडळी छातीठोकपणे सांगतात. तसं नाही.

चॅटजीपीटीचंच बघा. प्लस ही सशुल्क योजना फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. तिच्यातही शिकवण्याची परवानगी मुळात चालूच असते. बंद आपण करायची. आणि ते बटण एप्रिल २०२३ पासून फुकट खात्यातही आहे! सेटिंग्जमध्ये ‘डेटा कंट्रोल्स’ उघडा, मॉडेल सुधारण्याबद्दलची ओळ दिसेल, ती बंद करा. झालं. एक मेख मात्र आहे, फारशी कुणाला ठाऊक नसलेली: उत्तराखालचा अंगठा वर किंवा खाली दाबलात, तर ते अख्खं संभाषण तरीही वापरलं जाऊ शकतं.

शिकवणं मुळातच बंद असतं ते कंपन्यांसाठीच्या योजनांत. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेली एंटरप्राइझ त्यातलीच.

वैयक्तिक योजनेत पैसे मोजून मिळतो तो मुख्यतः जास्तीचा वापर आणि वरच्या दर्जाची मॉडेलं. ऐन कामात ‘मर्यादा संपली’ ही पाटी रोजच आडवी येत असेल, तर खुशाल भरा.