एकाच ‘नेटवर्क’ शब्दाखाली दोन कामं: रक्ताची नळी आणि पुढची तारीख

‘आमचा मुलगा स्किझोफ्रेनियाच्या संशोधन नेटवर्कमध्ये आहे’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारावा: त्याचं रक्त घेऊन गेले, की त्याला पुढची तारीख दिली? नेटवर्क हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या कामांना चिकटलाय. त्या गोंधळात घरच्यांच्या आशेची फार ओढाताण होते.

एक काम नमुने जमवण्याचं. २००७ साली सुरू झालेलं सायकियाट्रिक जिनॉमिक्स कन्सॉर्शियम, म्हणजे मानसिक आजारांमागची जनुकं शोधणाऱ्या संशोधकांचा आंतरराष्ट्रीय गट, हे त्याचं ठळक उदाहरण. रक्ताच्या नळीवर नाव नसतं, संकेतांक असतो. त्यातला डीएनए वाचला जातो आणि ती माहिती इतर हजारोंच्या माहितीत मिसळते. एवढा पसारा कशाला? कारण या आजारामागे एखादं दोषी जनुक नाही. डीएनएत शेकडो जागी बारीकसारीक फरक असतात आणि एकेकाचा परिणाम इतका किरकोळ, की एका रुग्णालयाच्या आकडेवारीत तो दिसतच नाही. २०१४ च्या अभ्यासात सुमारे ३७ हजार रुग्णांच्या माहितीतून अशा १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये रुग्णांची संख्या ७६ हजारांवर गेली, तेव्हा २८७. नमुने मात्र बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांचे, ही त्यातली मोठी उणीव.

मेंदूच्या स्कॅनसाठी एनिग्मा नावाचा असाच गट आहे. त्यांची युक्ती मला आवडते. स्कॅन केंद्राबाहेर जायलाच हवा असं नाही. सगळीकडे मोजमापाची पद्धत एकच ठेवायची आणि निष्कर्षाचे आकडे तेवढे एकत्र करायचे.

पण ज्याने रक्त दिलं, त्याला यातून काय मिळालं? त्याच्यापुरतं बोलायचं तर जवळजवळ काहीच नाही. या २८७ जागा तपासून कुणा एकाला ‘तुम्हाला स्किझोफ्रेनिया आहे’ असं सांगता येत नाही, त्याचं औषधही ठरत नाही. फायदा झालाच तर पुढच्या पिढीच्या रुग्णांना.

दुसरं काम उपचार देता देता शिकण्याचं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थने २००८ मध्ये ‘रेझ’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या एका मोठ्या चाचणीत २१ राज्यांतली ३४ केंद्रं आणि पहिल्यांदाच सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झालेले ४०४ जण होते. चिठ्ठ्या रुग्णांच्या नाही, केंद्रांच्या टाकल्या: निम्म्या केंद्रांत नेहमीचे उपचार, निम्म्यांत एकत्र काम करणारी टीम. टीम म्हणजे बेताच्या मात्रेत औषध देणारे डॉक्टर, बोलून उपचार करणारा थेरपिस्ट, घरच्यांना आजार समजावणारं कुणी आणि ‘कॉलेज अर्धवट सुटलंय, आता काय?’ हा प्रश्न घेऊन बसणारा एक माणूस. हा शेवटचा माणूस बहुतेक ठिकाणी नसतोच! दोन वर्षांनी पाहिलं तर टीमकडचे लोक उपचारात जास्त काळ टिकले होते, त्यांचं रोजचं जगणंही जास्त सुधारलं होतं. उपचार सुरू व्हायला ज्यांना कमी उशीर झाला, त्यांना फरक अधिक पडला. आणि उशीर किती होता? निम्म्या लोकांच्या बाबतीत ७४ आठवडे किंवा त्याहून जास्त.

खरा घोळ होतो तो २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘एपिनेट’सारख्या, सायकोसिसवर सुरुवातीलाच उपचार करणाऱ्या अमेरिकेतल्या केंद्रांच्या जाळ्यांमुळे. तिथेही अनेक केंद्रांची माहिती एकत्र होते, म्हणून ते पहिल्या प्रकारातलं वाटतं. पण ही माहिती रोजच्या उपचारातूनच निघते. भास कमी झाले का, झोप लागते का, काम सुरू झालं का, हे सगळीकडे एकाच साच्यात विचारलं जातं. उत्तरं त्याच केंद्रांचं काम सुधारायला परत येतात.

सहीसाठी संमतीपत्र समोर आलं की ‘या अभ्यासातून आपल्याला थेट लाभ होणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य आहे का ते बघावं. ते असेल तर बहुधा काम पहिल्या प्रकारचं. सही जरूर करावी, मात्र चालू उपचारांची तारीख चुकवू नये. ते वाक्य नसेल, तर विचारावं: मुलगा दोन वेळा आला नाही, तर फोन कोण करणार?