पिकाचा उतारा चावडीत ठरत नाही

‘पिकाचे सरकारी आकडे चावडीत बसून ठोकून देतात,’ असं पारावर अजून ऐकू येतं. स्वातंत्र्यापूर्वी ते बरंचसं खरं होतं. नजरअंदाजाने आणेवारी, म्हणजे पीक रुपयात किती आणे आलं याचा ठोकताळा, लावत. पण 1940च्या दशकात साताऱ्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी उतारा, म्हणजे एकरी किती पीक निघालं ते, मोजायचा पीक कापणी प्रयोग रुळवला. गाव, गट, गटातली नेमकी जागा, सगळं चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं. भाताला 10 बाय 5 मीटरचा तुकडा दोरीने आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. इतका मोठा कशाला? तुकडा फार लहान घेतला की कडेची रोपं नकळत आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनीच दाखवलं. कोणतं पीक किती जमिनीत, ही पेऱ्याची नोंद वेगळी, 7/12वरची. तिच्यातल्या चुकांबद्दलची ओरड मात्र रास्तच.