चोर बीटी: आधी पेरणी, मग परवानगी

मृग नक्षत्र जवळ आलं की विदर्भाच्या पानांवर एक ठरलेली बातमी येते. कृषी विभागाच्या भरारी पथकाचा छापा, अमुक लाखांचं 'चोर बीटी' बियाणं जप्त. चोर बीटी म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारी कपाशी; कागदोपत्री तिचं नाव एचटीबीटी. देशात तिला परवानगी नाही. तरी ती दरवर्षी पेरली जाते. जून 2019 मध्ये तर अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेने जाहीर करून, कॅमेऱ्यांसमोर ती पेरली. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता, हे माहीत असूनही.

हे बंड वाटतं तितकं नवं नाही. भारतात बीटी कापूस आला तोच मुळी चोरवाटेने.

'बीटी' म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो 1901 मध्ये मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला आणि 1911 मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना तो पुन्हा सापडला; थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. या जिवाणूचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, आतड्याच्या भिंतीला भोकं पाडतं आणि अळी मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारी जागाही नसते. फ्रान्समध्ये 1938 पासून या जिवाणूची फवारणी विकत मिळत होती. अडचण एवढीच, की उन्हात ती टिकत नसे आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत पोहोचत नसे.

मग 1973 मध्ये कॅलिफोर्नियात कोहेन आणि बॉयर यांनी एका जीवाचा जनुक कापून दुसऱ्यात जोडून दाखवला. बॉयर यांच्या कंपनीने याच तंत्राने जिवाणूकडून मानवी इन्शुलिन बनवून घेतलं आणि 1982 मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. आज घराघरांतल्या फ्रीजमध्ये ते असतं आणि त्याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही. तंत्र तेच, पण औषध कुपीत बंद राहतं. बियाणं वाऱ्याबरोबर, बैलगाडीतून, पाहुण्याच्या पिशवीतून फिरतं. वादाचं निम्मं मूळ इथेच आहे.

बीटीचा जनुक कपाशीत घालून मोन्सँटो या अमेरिकी कंपनीने 1996 मध्ये अमेरिकेत 'बोलगार्ड' विकायला काढलं. त्याच सुमारास जालन्याच्या महिको कंपनीने कोकर 312 या अमेरिकी वाणाचं जनुक घातलेलं बी भारतात आणलं. अवघं 100 ग्रॅम. त्याचा इथल्या वाणांशी पुन्हापुन्हा संकर करून महिकोने आपले संकरित वाण तयार केले. चाचण्या चालू असतानाच 1998 मध्ये कर्नाटकात शेतकऱ्यांनी चाचणीची शेतं जाळली. परवानगीची फाइल पुढे सरकेना.

आणि मग गुजरात. 2001 च्या हंगामात बोंडअळीने कपाशी फस्त केली, पण काही शेतं हिरवीगार उभी राहिली. त्या शेतांत 'नवभारत 151' होतं. अहमदाबादच्या एका बियाणे कंपनीचा हा वाण साधा संकरित म्हणून विकला जात होता. तपासणीत त्यात बोलगार्डचाच जनुक निघाला. हजारो एकरांवरचं ते उभं पीक जाळून टाकण्याचा आदेश दिल्लीने दिला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पीक काही जळलं नाही. 26 मार्च 2002 रोजी महिकोच्या तीन वाणांना, मेक 12, मेक 162 आणि मेक 184 यांना, अधिकृत मंजुरी मिळाली. केंद्राच्या मंजुरी समितीने ती शास्त्रीय चाचण्यांच्या आधारे दिली हे खरं, पण तोवर बी शेतात पोहोचलेलं होतं हेही तितकंच खरं.

पहिली काही वर्षं चमत्काराची होती. 450 ग्रॅमचं पाकीट 1600 रुपयांच्या घरात जायचं, तरी रांगा लागत. आंध्र प्रदेशने 2006 मध्ये मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतल्यावर किंमत निम्म्याहून खाली, 750 रुपयांवर आली. त्याच वर्षी दोन जनुकांचं बोलगार्ड 2 आलं. देशाचं उत्पादन 2002-03 मध्ये सुमारे 136 लाख गाठी होतं, ते 2013-14 मध्ये 398 लाखांच्या आसपास गेलं. हे सगळं श्रेय बीटीला देणारे गुजरातेतलं वाढलेलं सिंचन, नवी कीटकनाशकं आणि वाढलेला खत वापर विसरतात. काहीच श्रेय न देणारेही तितकेच चुकतात. अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या होत्या.

सरकारी पर्याय उभा करायचा प्रयत्नही झाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण आणलं. त्याचं बी घरचं ठेवून दरवर्षी वापरता आलं असतं. 2009 मध्ये ते शेतात गेलं आणि त्यात मोन्सँटोचाच जनुक आढळल्याने लगेच मागे घ्यावं लागलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं नुकसान हेच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

कारण भारतात बीटी अडकला तो संकरित वाणात. इतर बहुतेक देशांत तो सरळ वाणांत आहे. संकरिताचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, हा तोटा सगळ्यांना कळतो. दुसरा तोटा बोंडात लपलेला आहे. संकरित झाडाच्या एकाच बोंडातल्या काही सरकीत जनुक असतो, काहीत नसतो. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. तिला विष कधी पूर्ण मिळतं, कधी मिळतच नाही आणि अशात ते पचवणारी पिढी लवकर तयार होते. त्यात ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. अमेरिकन अळीला तूर आहे, हरभरा आहे. तिथे बीटी न खाल्लेल्या अळ्या वाढतात, पतंग होऊन आपसात मिसळतात आणि प्रतिकार पातळ होतो. गुलाबी अळीसाठी हे काम तेव्हा पाकिटासोबत मिळणाऱ्या 120 ग्रॅम साध्या बियाण्याने, म्हणजे रेफ्युजीने करायचं होतं. दोन-चार एकरांतल्या पाच ओळी अळीला खायला घालायच्या, हे शेतकऱ्याला पटणं कठीणच. फार थोड्यांनी ती पेरली. वर फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक उभं ठेवायची सवय, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत घर.

गुजरातेत पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नाही, हे मोन्सँटोने 2010 मध्ये स्वतःच कबूल केलं. 2015 मध्ये तिथे बोलगार्ड 2 कोसळलं आणि 2017 मध्ये महाराष्ट्रात. डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, दिसू लागल्या, बोंडं किडकी निघाली आणि लोकांनी उभ्या पऱ्हाटीवर रोटाव्हेटर फिरवला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या कपाशीत कीटकनाशकांची मिश्रणं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

मग जी कपाशी अळी थांबवत नाही, तिचीच पुढची आवृत्ती लोक चोरून का घेतात? कारण अळी नव्हे, निंदण. पावसाची झड लागली की डवरा चालत नाही, बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक पचवणारा जनुकही एका जिवाणूतलाच. तणनाशक कारखान्याच्या सांडपाण्यात तो जिवाणू जगलेला सापडला होता. महिकोने त्या कपाशीच्या भारतात चाचण्या घेतल्या, पण 2016 मध्ये रॉयल्टी आणि तंत्रज्ञान वाटपाच्या वादात अर्ज मागे घेतला. तोवर बी बाहेर पडलेलं होतं.

आज ते विनापावती मिळतं. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच येत नाही. आणि त्या पाकिटासोबत रेफ्युजीची पुडी नसते.